जुन्या स्पोर्ट्स कारच्या चाकाचं बेअरिंग बदलताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

इंजिनाच्या कामात चूक झाली तर गाडी सुरूच होत नाही, चूक लगेच कळते. बेअरिंगचं, म्हणजे दोन रिंगांमध्ये बॉल किंवा रोलर ठेवून चाक सहज फिरू देणाऱ्या भागाचं, तसं नाही. चुकीच्या पद्धतीने बसवलेलं बेअरिंगही पहिले काही दिवस शांतपणे फिरतं. मग हळूहळू तीच जुनी घरघर परत येते आणि दोष बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीवर जातो. खरं तर बहुतेक वेळा ते बेअरिंग बसवतानाच खराब झालेलं असतं. ठोकताना किंवा दाबताना जोर चुकीच्या रिंगवर पडलेला असतो, नाहीतर शेवटचा नट आवळताना अंदाज चुकलेला असतो. या दोन जागा सांभाळल्या तर घरच्या गॅरेजमध्ये केलेलं काम कारखान्यातल्या इतकंच टिकतं. म्हणून खाली या दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी खात्री करा, मग पाना उचला

बेअरिंग जायला लागलं की वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येते. क्लच दाबून इंजिनाचा वेग खाली आणला तरी ती बदलत नाही, कारण तिचा संबंध फक्त चाकाच्या फिरण्याशी असतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी अलगद डावी-उजवीकडे वळवून पाहा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर घ्यायचा, आणि उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूवर. पण हा नुसता संशय समजा. आवाज चॅसीमधून फिरत येतो, त्यामुळे मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा वाटू शकतो.

टायरही अगदी असाच आवाज काढतात. जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर वर्षानुवर्षं उभे राहून किंवा अलाइनमेंट बिघडून खालीवर झिजतात आणि हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. आवाजाची जागा बदलली तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही.

आता गाडी उचला. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर ढिलेपणा बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा बुश तपासा. फक्त ३ आणि ९ च्या जागी धरल्यावरच हलत असेल तर बहुधा स्टीअरिंगचा टाय रॉड सैल आहे. शेवटी एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग पकडा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते. कानाला काही ऐकू येत नसतानाही ती हाताला कळते, म्हणून या चाचणीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे

जुन्या गाड्यांत साधारण तीन प्रकार भेटतात आणि तिन्हींचं काम वेगळं आहे.

पहिला प्रकार टेपर रोलर बेअरिंगचा. यात शंकूच्या आकाराचे रोलर असतात आणि एका हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात) दोन बेअरिंग समोरासमोर बसतात. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि पुढच्या शतकातल्या असंख्य गाड्यांची पुढची चाकं त्याच कल्पनेवर फिरली. एमजीबी आणि जुन्या पोर्श ९११, ९४४ यांच्या पुढच्या चाकांत हेच आहे. ही बेअरिंग उघडता येतात, धुता येतात, ग्रीस भरता येतं आणि त्यांचा ढिलेपणा नटाने ठरवता येतो.

दुसरा प्रकार दोन ओळींच्या बॉल बेअरिंगचा. हे सीलबंद असतं आणि प्रेसने नकलमध्ये (सस्पेन्शनच्या ज्या भागात हब बसतो त्यात) दाबून बसवलेलं असतं. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ची मागची चाकं अशी आहेत.

तिसरा म्हणजे हब आणि बेअरिंग मिळून एकच भाग. त्याच एमएक्स-५ च्या पुढच्या चाकांत तो आहे. तो उघडून दुरुस्त करायचा नसतो, आख्खा बदलायचा असतो.

यांत न बसणाऱ्याही गाड्या आहेत. एमजी मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइट यांच्या पुढच्या हबमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग आहेत. त्यांच्यामध्ये एक स्पेसर नळी (अंतर राखणारी नळी) असते आणि बेअरिंगची आडवा जोर पेलणारी बाजू एकमेकांकडे तोंड करून ठेवावी लागते. उलटी बसवली तर वळणावर येणारा आडवा जोर पेलायला तिथे काहीच उरत नाही. म्हणून तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवल्याशिवाय काम सुरू करू नका. खालचे आकडे दिशा दाखवण्यासाठी आहेत. अंतिम शब्द मॅन्युअलचा.

सुट्टे भाग आणि हत्यारं

बेअरिंगचा नंबर जुन्या रिंगवर कोरलेला असतो. तो पुसट झाला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्निअरने मोजा. मेट्रिक बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिलीमीटरमध्ये मिळतो. ३०२०६ म्हणजे ३० मिलीमीटर. हा नियम ०४ पासून पुढे लागू पडतो. ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा इंचातली बेअरिंग असतात, तिथे तो चालत नाही.

नावाजलेल्या उत्पादकाचंच बेअरिंग घ्या: टिमकेन, एसकेएफ, एफएजी, एनएसके, कोयो, एनटीएन. बाजारात नकली मालही आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि अविश्वसनीय स्वस्त दिसलं तर सोडून द्या. बेअरिंगबरोबर नवं ऑइल सील, नवी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालायची दुमडती पिन) किंवा नवा अॅक्सल नट आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी रिंग) असेल तर तीही नवी घ्या. या किरकोळ भागांत काटकसर केली की आख्खं काम परत करावं लागतं.

हत्यारांत जॅक, घोड्या (उचललेल्या गाडीला टेकू देणारे स्टँड), चाकांना लावायचे ठोकळे, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, सर्क्लिप प्लायर, पितळेचा ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) आणि पुलर (घट्ट भाग ओढून काढायचं हत्यार) लागतील. प्रेसने बसणाऱ्या बेअरिंगसाठी हायड्रॉलिक प्रेस हवा. तो नसेल तर नकल काढून प्रेस असलेल्या कारागिराकडे न्या. हातोड्याने भागवू नका.

जिवाची काळजी

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. सपाट, कडक जमीन, दोन्ही बाजूंना घोड्या, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे.

जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका. ओली करून पुसा आणि मास्क लावा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ वेल्डिंग किंवा ज्योत नको, त्यातून विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. बेअरिंगच्या रिंगा कडक पोलादाच्या असतात, हातोड्याने त्यांचे टवके गोळीसारखे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचा मोह टाळा. कोरडं बेअरिंग त्या वेगात फुटून रोलर बाहेर येऊ शकतात.

टेपर रोलर बेअरिंग: पायरीपायरीने

१. चाक काढा. ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने सस्पेन्शनला टांगा. ब्रेकच्या रबरी होजवर त्याचं वजन लोंबू देऊ नका.

२. धूळटोपी, स्प्लिट पिन, नट आणि जिभेचा वॉशर काढा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग हब पूर्ण बाहेर काढा, मागचं सील उचकटा आणि आतलं बेअरिंग काढा.

३. सगळं रॉकेलमध्ये धुवा आणि उजेडात नीट पाहा. रोलर किंवा रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या रिंगवर) खड्डे, सोलपटं, निळसर छटा किंवा ठरावीक अंतरावर उमटलेल्या रेषा दिसल्या तर बेअरिंग संपलं. निळा रंग म्हणजे ते खूप तापलं होतं. स्टब अॅक्सलही (हब ज्यावर फिरतो तो दांडा) तपासा. त्यावर आतली रिंग घासून खाच पडली असेल तर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही.

४. हबमधल्या बाहेरच्या रेस पितळी ड्रिफ्टने काढा. बहुतेक हबमध्ये त्यासाठी मागे खाचा असतात. एकदा या बाजूला, एकदा समोरच्या बाजूला, असं आळीपाळीने ठोका. जुनी रेस ठेवून नुसते नवे रोलर कधीच टाकू नका. ते दोघं एकमेकांसाठी घासून बनवलेले असतात.

५. नव्या रेस पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. ६० मिलीमीटर व्यासाचं अॅल्युमिनियमचं भोक तापमान ८० अंशांनी वाढलं की साधारण ०.११ मिलीमीटरने मोठं होतं. रेसची घट्ट बसण्याची मापं शतांश मिलीमीटरमधली असतात, त्यामुळे तापलेल्या हबमध्ये रेस जवळजवळ स्वतःहून खाली जाते. लोखंडी हब सुमारे निम्माच फुगतो, तरी मदत होते. शेवटी जुनी रेस उलटी ठेवून तिच्यावरून हलके ठोके द्या. रेस तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द आवाज जाऊन खणखणीत होतो. खात्रीसाठी मागच्या बाजूने फट राहिली नाही ना ते पाहा. जुनी रेस आत अडकणार नाही म्हणून तिचा बाहेरचा घेर आधीच थोडा घासून घ्या.

६. ग्रीस भरणं. चाकाच्या बेअरिंगसाठीचं, जास्त तापमान सोसणारं, एनएलजीआय २ दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) ग्रीस वापरा. जुन्या ग्रीसवर नवं चढवू नका. लिथियम कॉम्प्लेक्स आणि पॉलियुरियासारखी ग्रीसं एकत्र आली तर पातळ होऊन वाहू शकतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, रोलरच्या फटींतून ग्रीस वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. ही पायरी घाईने उरकू नका. बाहेरून लिंपलेलं ग्रीस दिसायला भरपूर असतं आणि रोलर आत कोरडेच राहतात. हबच्या पोकळीत मात्र अर्ध्याच्या वर भरू नका. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं आणि सीलमधून ब्रेकवर येतं.

७. आतलं बेअरिंग ठेवा, नवं सील सरळ दाबून बसवा, त्याच्या ओठाला ग्रीस लावा, हब अॅक्सलवर चढवा. मग बाहेरचं बेअरिंग, वॉशर आणि नट.

आता सगळ्यात नाजूक भाग. टेपर बेअरिंगचा नट ताकदीने आवळायचा नसतो. हब एका हाताने फिरवत राहा आणि नट साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. यामुळे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण मोकळा करा आणि फक्त बोटांनी परत टेकवा. बहुतेक गाड्यांना इथे किंचित मोकळीक हवी असते, एक मिलीमीटरच्या काही शतांश भागांइतकी. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) असेल तर ती मोजता येते. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळण्याऐवजी मागच्या खाचेपर्यंत सैल करा. जरा सैल बेअरिंग थोडी खटखट करतं, पण जास्त घट्ट केलेलं तापून जळतं आणि चाक जाम होऊ शकतं.

जुन्या पोर्श ९११ आणि ९४४ मध्ये याची फार सुंदर चाचणी आहे. नटाखालचा वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, काहीही टेकू न घेता, नुसत्या बोटांच्या दाबाने जेमतेम सरकला पाहिजे. दुसऱ्या गाड्यांवर काम करतानाही हा स्पर्श लक्षात ठेवण्यासारखा आहे.

एमजीबीचं वेगळं आहे. तिथे दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात, नट पूर्ण जोराने आवळायचा आणि मोकळीक शिम कमीजास्त करून ०.०५ ते ०.१० मिलीमीटरमध्ये आणायची. बरेच जण कटकट म्हणून शिम-स्पेसर काढून टाकतात. तसं करू नका. घट्ट आवळलेला स्पेसर त्या बारीक अॅक्सलला वाकण्यापासून आधार देतो.

प्रेसने बसणारं बेअरिंग

इथे पहिली अडचण अॅक्सल नट. तो फार घट्ट असतो आणि त्याची कड खाचेत ठोकून अडकवलेली असते. कड छिन्नीने उचला, मग चाक जमिनीवर असताना, मदतनीसाने ब्रेक दाबून धरलेला असताना, लांब दांड्याने नट सैल करा. त्यानंतर गाडी ढकलू नका. नटाचा दाब नसलेल्या बेअरिंगवर गाडीचं वजन फिरलं तर ते खराब होतं.

नकल सोडवण्याआधी कॅम्बरच्या (चाकाचा कल ठरवणाऱ्या) बोल्टवर खुणा करून ठेवा. नकल बाकावर आली की स्लाइड हॅमर किंवा प्रेसने हब बाहेर काढा. हबबरोबर बेअरिंगची आतली अर्धी रिंग अडकून येईल, जवळजवळ नेहमीच येते. पुलर धरत नसेल तर ग्राइंडरने ती तिरपी, हबला न लागेल इतपत कापा आणि छिन्नीचा एक ठोका द्या. रिंग तडकून सुटते. मग सर्क्लिप काढा आणि जुनं बेअरिंग प्रेसने बाहेर ढकला.

नवं बसवताना एकच नियम पाळा: जी रिंग घट्ट बसायची आहे, तिच्यावरच जोर द्या. बेअरिंग नकलमध्ये ढकलताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. त्यासाठी तिच्या व्यासाची नळी हवी. नंतर हब बेअरिंगमध्ये ढकलताना आतल्या रिंगला खालून नळीचा आधार द्या. हा आधार विसरलात तर प्रेसचा सगळा जोर बॉलमधून जातो, रेसवर डोळ्याला न दिसणारे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग त्याच क्षणी निकामी होतं. आतली रिंग दोन भागांची असेल तर खालचा भाग निसटून सीलही फाटतं. सुरुवातीला बेअरिंग तिरकं जात असेल तर थांबा, बाहेर काढा, परत सरळ लावा. दाब वाढवून ते सरळ होत नाही.

इथेही बेअरिंग थंड आणि नकल गरम करण्याची युक्ती चालते, पण सीलबंद बेअरिंग स्वतः तापवू नका. काही नव्या गाड्यांत एबीएससाठी (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी, आणि बेअरिंग चुंबकाजवळ ठेवू नये.

नवा अॅक्सल नट गाडी उचललेली असतानाच शक्य तितका आवळा, मग गाडी खाली घेऊन, न हलवता, टॉर्क रेंचने अंतिम आकड्यावर आणा. हे आकडे मोठे असतात. बीएमडब्ल्यू ई३० च्या पुढच्या हब नटाला २९० न्यूटन-मीटर लागतात. अंदाजाने किंवा इम्पॅक्ट गनने हे काम होत नाही, कारण या बेअरिंगच्या आतला ताण या नटावरच ठरतो. शेवटी नटाची कड खाचेत ठोका.

एकत्रित हब असलेल्या गाडीत फारसं सांगण्यासारखं नाही. जुना हब काढा, टेकण्याची जागा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत साफ करा, नवा हब बसवा, नट टॉर्कवर आणा.

अपग्रेड करावं का?

जुन्या गाडीला काहीतरी भारी बसवावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि सिरॅमिक बॉलची बेअरिंग त्यात पहिल्यांदा डोळ्यात भरतात. सिलिकॉन नायट्राइडचा बॉल पोलादाच्या निम्म्याहूनही हलका असतो. पण त्याचा फायदा प्रचंड फेऱ्यांना मिळतो. साधारण ६० सेंटीमीटर व्यासाचं चाक ताशी २०० किलोमीटरलाही मिनिटाला १,८०० पेक्षा कमी फेरे घेतं. बेअरिंगच्या दृष्टीने हा वेग किरकोळ आहे. उलट, खड्ड्यातल्या धक्क्याने कडक सिरॅमिक बॉल पोलादी रेसला दाबून खूण पाडू शकतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा खर्च मला अजिबात पटत नाही.

खरा शत्रू भार आहे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं अपेक्षित आयुष्य आठव्या भागावर येतं, रोलरचं साधारण दहाव्या भागावर. रुंद, चिकट टायर आणि ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलून बाहेर काढलेली चाकं नेमकं हेच करतात. त्यामुळे चाकाचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) काढून मूळ ऑफसेटवर येणं हे महागड्या बेअरिंगपेक्षा मोठं अपग्रेड आहे.

ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यांनी मात्र मजबूत हबचा विचार करावा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चे पुढचे हब ट्रॅकवर लवकर झिजतात, हे त्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. मिजेट-स्प्राइटसाठी टेपर रोलर किट मिळतात. ती घेतली तर मोकळीक नव्या बेअरिंगच्या पद्धतीने ठरवावी लागेल, जुनी सवय चालणार नाही. बाकीच्यांसाठी चांगलं ग्रीस आणि दर्जेदार सील पुरेसं आहे.

रस्त्यावर नेण्याआधी

गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबा. कॅलिपर काढलेला असल्यामुळे पहिला ब्रेक लागणार नाही. चाकाचे नट टॉर्कवर आणा. काही किलोमीटर हळू चालवून, शेवटी ब्रेक फारसे न वापरता थांबा आणि दोन्ही बाजूंच्या हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहा. दोन्हींत थोडा फरक चालतो. एक हब हात लावता येणार नाही इतका तापला असेल तर त्याचा नट घट्ट झालाय किंवा ब्रेक घासतोय. नकल काढला असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

टेपर बेअरिंगचा ढिलेपणा काहीशे किलोमीटरनंतर एकदा परत तपासा, कारण नव्या रेस थोड्या अजून बसतात. त्याच वेळी चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवा. बोटांना ग्रीस लागलं तर सील तिरकं बसलंय, आणि ब्रेक पॅडपर्यंत पोहोचण्याआधी ते बदलायला हवं.